ओलीसकट वजन

"गाव कोणतं?" या प्रश्नाला 'बीबी' असं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मकबऱ्याची का?" बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात, मेहकर-सुलतानपूरकडून सिंदखेडराजाला जाणाऱ्या रस्त्यावर या नावाचं एक गाव आहे, हे सांगून होईपर्यंत समोरचा माणूस मनाने औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात पोचलेला असतो. तिथेही तो थांबत नाही. थेट आग्र्याला जातो आणि निकाल देऊनच परततो: "पण ताजमहालाची सर नाही बरं का त्याला!"

त्या मकबऱ्याशी आमच्या गावाचं नातं एवढंच, की आमचं नाव ऐकून लोक त्याची आठवण काढतात. तरी मला तो सख्ख्यासारखा वाटतो. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये गेली. तिच्यासाठी बांधलेली ही वास्तू १६६०-६१ च्या सुमारास पुरी झाली. दारावरच्या लेखात दोन नावं आहेत, अताउल्ला आणि हंसपतराय. यातला अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. बापाच्या हाताशी शाहजहानचा खजिना होता. ताजचा खर्च सव्वातीन कोटींच्या आसपास सांगतात. मुलाच्या वाट्याला आलेला आकडा जुन्या नोंदीत ६ लाख ६८ हजार २०३ रुपये असा मिळतो. म्हणजे साधारण पन्नासावा हिस्सा. संगमरवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत आणि मग एकदम घुमटाला; मधला सगळा भाग आपल्याच काळ्या दगडाचा, वर गिलावा. इतक्या पैशात, या दगडात, दख्खनच्या या उन्हात अताउल्लाने काय साधलं, असं पाहायला कुणी जात नाही. याच अताउल्लाने भास्कराचार्यांच्या बीजगणिताचं फारसीत भाषांतर केलं होतं, हेही कुणी सांगत नाही. तिकीट काढून माणूस आत शिरतो, पहिल्याच पावलाला "ताजपेक्षा लहानच की" म्हणतो आणि मोबाइल काढतो. जी वस्तू डोळ्यांसमोर आहे ती सोडून तो समोर नसलेली वस्तू पाहत असतो.

हे पुस्तक त्या पाहण्याविषयी आहे. स्वतःला दुसऱ्याशेजारी उभं करून मापण्याची जी सवय आपल्याला असते, ती कुठून येते, काय खाते आणि सुटते का, एवढाच त्याचा विषय. मी मानसशास्त्राचा प्राध्यापक नाही. सवय मात्र मला चांगली चाळीस वर्षांची आहे, आणि तेवढ्या अधिकारावर ही प्रस्तावना लिहितो आहे.

सवय लागली ती बहुधा दसऱ्यानंतरच्या दिवसांत. सोयाबीनची सोंगणी आटोपत आलेली असते. वावरावावरात सुड्या लागलेल्या असतात. आभाळाकडे एक डोळा ठेवून माणसं मळणीयंत्राचा नंबर लागायची वाट पाहत असतात. पहिली सुडी निघाली की गावात एकच प्रश्न फिरायला लागतो: "किती झडली?" एकरी किती क्विंटल झाली, एवढाच त्याचा अर्थ. पारावर, चहाच्या टपरीवर, दवाखान्याच्या रांगेत, फार काय, मयतीला जमलेल्या माणसांतसुद्धा हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. उत्तर पाच आलं तर विचारणारा हळहळतो, पण त्या हळहळीत थोडं बरं वाटणंही असतं. उत्तर अकरा आलं तर तो "वा!" म्हणतो, आणि तो 'वा' घशातून निघताना जरा घासतो.

लहानपणी वडलांच्या मागे उभा राहून मी ही उत्तरं ऐकायचो. वडील आपला आकडा अर्ध्या क्विंटलने वाढवून सांगायचे. समोरचाही वाढवायचा. दोघंही वाढवतात हे दोघांनाही ठाऊक असायचं. आणि तरी रात्री जेवताना वडलांना दुसऱ्याचा वाढीव आकडा खरा वाटायचा, स्वतःचा खरा आकडा घशाखाली उतरायचा नाही. "त्याला नऊ होते, अन् आपल्याला काऊन नाही?" हा प्रश्न आईला असायचा, पण खरं तर तो वावरालाच असायचा. आई उत्तर द्यायची नाही. तिच्याकडे वेगळी यादी होती: कुणाच्या लेकीला कसलं स्थळ आलं, कुणी स्लॅब टाकला, कोणत्या जावेला माहेरहून काय मिळालं.

पुढे सोयाबीनचे कट्टे घेऊन मी स्वतः बाजार समितीत जाऊ लागलो, आणि तिथे मला या पुस्तकाचं नाव सापडलं. अडत्या कट्ट्यात हात घालतो, मूठभर दाणे काढतो, एखादा दाताखाली फोडून पाहतो, आणि मग ते दाणे मॉइश्चर मोजायच्या यंत्रात टाकतो. हमीभावाच्या खरेदीत ओल १२ टक्क्यांपर्यंत चालते. २०२४ च्या हंगामात पाऊस लांबला म्हणून ती मर्यादा १५ पर्यंत सैल करावी लागली होती. ओल जास्त भरली की भाव कापला जातो, आणि शेतकरी चिडतो. पण अडत्याचं गणित चुकीचं नसतं. १८ टक्के ओलीचे १० क्विंटल दाणे वाळवून १२ टक्क्यांवर आणले की ९ क्विंटल ३२ किलोच्या आसपास उरतात. उरलेले अडुसष्ट किलो हे सोयाबीन नव्हतंच, पाणी होतं.

बाजारात आपण ओल काढल्याशिवाय कुणाचं वजन मान्य करत नाही. पारावर मात्र करतो. शेजाऱ्याचे अकरा क्विंटल आपण ओलीसकट मोजतो आणि आपले सात वाळवून, चाळून, काडीकचरा काढून. त्याच्या अकरांत विहिरीचं पाणी किती, सासऱ्याने दिलेले पैसे किती, सोसायटीचं थकलेलं कर्ज किती, रात्रीची झोप किती गेली, हे यंत्रात घातलंच जात नाही. आपल्या सातांमागचा एकेक रुपया मात्र आपल्याला तोंडपाठ असतो. तुलना हा शब्द तुळेवरून, तराजूवरून आला. जुन्या तराजूला पासंग असायचा; एक पारडं मुळातच जड असलं तर दुसऱ्याला दगड बांधून काटा सरळ करत. मनातल्या तराजूला पासंग बांधायचा राहून गेला आहे, असं मला वाटतं. त्यामुळे माणूस कितीही पिकवो, पारडं एकाच बाजूला जातं.

हे सगळं सोयाबीनपुरतं राहिलं असतं तर पुस्तक लिहायची वेळ आली नसती. मधल्या काळात आमच्या भागात समृद्धी महामार्ग आला. मुंबई-नागपूर, ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. बुलढाणा जिल्ह्यात तो मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतून गेला. आधी लँड पूलिंगची भाषा होती, तिला विरोध झाला, मग २०१७ पासून सरकारने थेट जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. संमतीने देणाऱ्याला रेडीरेकनरच्या पाचपट मोबदला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, ५ जून २०२५ रोजी शेवटचा.

रस्त्याच्या बऱ्यावाईटाबद्दल इथे बोलायचं नाही. रस्त्याने गावागावांत जी नवी मोजणी सुरू केली तिच्याबद्दल बोलायचं आहे. नकाशावर एक आडवी पट्टी आखली गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या एका बांधाला लागून असलेल्या दोन वावरांपैकी एक पट्टीत आलं, एक नाही. एकाची दोन एकर जिरायती जमीन गेली, दुसऱ्याची तेवढीच पण विहीर असलेली बागायती. तिसऱ्याची जमीन गेलीच नाही, वर मोठ्या भरावामुळे त्याची वाट लांब पडली. कालपर्यंत हे तिघं एकाच पातळीवर होते: तोच पाऊस, तेच बियाणं, तोच व्यापारी. आता एकाच्या दारात चारचाकी उभी राहिली. आणि वर्षभरात ज्याची जमीन गेलीच नव्हती त्याच्याही दारात एक उभी राहिली, हप्त्यावर घेतलेली.

तेव्हा मला वाटलं, ही आमच्याच भागातली खोड. पण नेदरलँड्समध्ये पोस्टकोडवर चालणारी एक लॉटरी आहे. चिठ्ठी एका गल्लीच्या पोस्टकोडची निघते, आणि त्या गल्लीत ज्यांनी तिकीट घेतलं असेल त्यांना रोकड मिळते; काहींना मोटारही. पीटर कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या लॉटरीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं, की जिंकणाऱ्याच्या अगदी शेजारच्या घरातले, स्वतः काहीच न जिंकलेले लोक नवी मोटार घेण्याचं प्रमाण वाढतं. कॅनडातल्या दुसऱ्या एका अभ्यासात याहून कडू गोष्ट निघाली: शेजाऱ्याला लागलेली लॉटरी जितकी मोठी, तितकी आसपासच्या घरांची दिवाळखोरी वाढलेली. वाचताना मला आमच्याकडचे ओळखीचे चेहरे दिसत होते. फरक एवढाच, की डच माणसाला तिकीट घ्यायचं की नाही हे ठरवता येत होतं. आमच्याकडे नशिबाचं तिकीट मोजणी करणाऱ्याच्या दोरीने काढलं.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. मोबदला मिळालेल्या शेतकऱ्याचा हेवा गावात झाला. नागपूर किंवा मुंबईच्या बांधकाम सम्राटाचा कुणाला झाला नाही. त्याच्याकडे हजार पट जास्त असेल, पण तो मोजमापातच येत नाही. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये हे सूत्रात मांडलं. आपण कसे आहोत हे कळून घ्यायची माणसाला ओढ असते; मोजायला पट्टी नसेल तर तो दुसऱ्या माणसाकडे पाहतो; आणि पाहतो तोही आपल्यासारख्याकडेच. दूरच्याकडे पाहून काही कळत नाही म्हणून तो डोळ्यात सलत नाही. सलतो तो चुलतभाऊ, वर्गमित्र, बांधशेजारी. भाऊबंदकी हा शब्द मराठीत उगीच नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांची पाहणी झाली होती, ती सॅम्युएल स्टाउफर आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये छापली. तिच्यातला एक निष्कर्ष मी इतक्या जणांना सांगितला आहे, की घरचे आता विषय बदलतात. लष्करी पोलिसांत बढती फार हळू मिळे, हवाई दलात भराभर. तरी बढतीच्या पद्धतीवर जास्त नाराज होते ते हवाई दलातले. जिथे कुणालाच काही मिळत नाही तिथे न मिळण्याचं दुःख होत नाही. जिथे आजूबाजूला सगळ्यांना मिळतं तिथे आपल्याला सहा महिने उशिरा मिळालेलं बोचतं. आमच्याकडच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. गावातून कुणीच पोलीस भरतीत लागला नव्हता तेव्हा न लागणं ही साधी गोष्ट होती. एकाच वर्षी तिघं लागले, आणि चौथ्याने दोन महिने घराबाहेर पडणं सोडलं.

ही गोष्ट नवी आहे, मोबाइलमुळे आली, असंही म्हटलं जातं. मोबाइलने तिला चारा घातला हे खरं. सकाळी उठून पन्नास जणांचे स्टेटस पाहणारा माणूस चहाच्या आधीच पन्नास ठिकाणी हरलेला असतो. पण मूळ फार जुनं आहे. महाभारताच्या आदिपर्वातली गांधारी आठवा. ती आधी गर्भार राहिली होती. दोन वर्षं झाली तरी बाळंत होईना. आणि वनात कुंतीला मुलगा झाल्याची बातमी आली. तेव्हा गांधारीने आपल्याच पोटावर प्रहार केला. बाहेर आला तो लोखंडासारखा कठीण मांसाचा गोळा. व्यासांनी त्याचे भाग करून तुपाच्या कुंभांत ठेवले, आणि शंभर कौरव त्यातून झाले. कीर्तनकार ही कथा पुढच्या युद्धाची पायरी म्हणून सांगतात. मला ती तिथेच थांबवावीशी वाटते, त्या आघातापाशी. कुंतीने तिचं काही घेतलं नव्हतं. पोटातलं बाळ जिथल्या तिथे होतं. बदललं होतं ते फक्त दुसरीकडच्या घरातलं. दुसऱ्याच्या वेळापत्रकाने आपलं पोट मोजलं की हात कुठे पडतो, हे व्यासांनी किती नेमकं पाहिलं आहे!

माझं स्वतःचं उदाहरण एवढं भव्य नाही. आमच्या गल्लीत माझ्याच वयाचा एक मुलगा होता. गणितात हुशार, अक्षर मोत्यासारखं, आईच्या शब्दाबाहेर नाही. "जरा त्याच्याकडं पाय!" हे वाक्य मी आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की त्याच्या नुसत्या चपला ओट्यावर दिसल्या तरी माझं पोट आवळायचं. (आमच्याकडे 'पाय' म्हणजे 'पाहा'.) दहावीत त्याला माझ्यापेक्षा नऊ टक्के जास्त पडले. तो इंजिनिअरिंगला गेला म्हणून मी गेलो नाही. त्याने पुण्यात घर घेतलं तेव्हा मी हिशोब केला, की मला किती वर्षं लागतील. तब्बल तीस वर्षं मी या माणसाबरोबर शर्यत पळत होतो. चार वर्षांपूर्वी एका लग्नात तो भेटला. जेवताना मी हसत हसत सगळं सांगून टाकलं. त्याला वाईट वाटलं. मग तो म्हणाला, "खरं सांगू का, शाळेत तू आमच्या वर्गात होतास की बाजूच्या तुकडीत, हेच मला आठवत नाही." शर्यतीत दुसरा धावपटू नव्हताच. या पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्या रात्री घरी येऊन लिहिलं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, आता 'तुलना करू नका, आहे त्यात समाधान माना' असा उपदेश येणार. तो येणार नाही, आणि का येणार नाही हे सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. समाधानाचा उपदेश आपल्या देशात बहुतेक वेळा वरच्याने खालच्याला केलेला आहे. मजुराने मालकाशी, बाईने पुरुषाशी, गावकुसाबाहेरच्याने आतल्याशी तुलना केली नसती तर त्यांचं काहीच बदललं नसतं. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, त्यात तुलनेचं फार खोल निदान आहे. उतरंडीतल्या प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी सापडतं, त्या खालच्याकडे पाहून तो सुखावतो, आणि म्हणून सगळे मिळून वरच्याला जाब विचारत नाहीत. म्हणजे खाली पाहून मिळणारं समाधानही तुलनाच आहे, आणि ती मत्सरापेक्षा जास्त घातक असू शकते. 'तुझ्यापेक्षा वाईट दिवस काढणारे लोक आहेत' हे वाक्य मला म्हणूनच आवडत नाही. त्यात दुसऱ्याच्या दुःखाची उशी करून झोपायचा सल्ला आहे.

आणि आम्ही विदर्भातली माणसं तुलनेला वाईट म्हणणार तरी कोणत्या तोंडाने? आमचं सगळं राजकारण तुलनेवर उभं आहे. 'अनुशेष' या शब्दाचा अर्थच तो. १९८३ मध्ये राज्य सरकारने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने अशा एकेका बाबीत राज्याची सरासरी काय आणि हा जिल्हा तिच्या किती मागे, असं समितीने मोजलं. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष निघाला ३,१८६.७८ कोटींचा, त्यात विदर्भाचा वाटा १,२४६.५४ कोटी, म्हणजे ३९ टक्क्यांहून थोडा जास्त. समितीच्या पद्धतीवर नंतर पुष्कळ वाद झाले, पैसे आले किती आणि मुरले किती यावर त्याहून जास्त. पण त्या मोजणीची एक गोष्ट मला शिकण्यासारखी वाटते. दांडेकरांनी बुलढाण्याला 'पुण्याकडं पाय' असं म्हटलं नाही. पट्टी आधी ठरवली, ती सगळ्यांना सारखी लावली, आणि निघालेल्या फरकाच्या खाली एक मागणी लिहिली: इतके किलोमीटर, इतके हेक्टर, इतके रुपये. ज्या तुलनेच्या खाली अशी ओळ लिहिता येते ती कामाची. 'त्याला जे मिळालं ते आता मी कुणाकडून मागू?' याला उत्तर असेल तर तुलना करा, जोरात करा, मोर्चा काढा. उत्तर नसेल, मागायला दारच नसेल, तर ती आपल्यालाच पोखरते. या पुस्तकातली मधली चार प्रकरणं ही दोन पोती वेगळी करण्यात गेली आहेत, आणि ती कधी कधी एकमेकांत सांडतात हे मला मान्य आहे. समृद्धीच्या मोबदल्यात दोन्ही होती. जिरायत-बागायतच्या नोंदीवरून झालेली भांडणं रास्त होती. चारचाकीच्या रंगावरून झालेली नव्हती.

लोणारच्या सरोवराचीही यातून सुटका नाही. उल्का पडून बसाल्टमध्ये झालेलं, पावणेदोन किलोमीटरच्या वर व्यासाचं ते विवर पाहायला पाहुणा आला, की आम्ही त्याला आधी क्रमांक सांगतो. जगात तिसरं, की चौथं, की एकमेव, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. अमेरिकेतल्या ॲरिझोनाचं विवर लहान आहे हे सांगताना आमची छाती फुगते, जणू ती उल्का आम्हीच निवडून पाडली. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हाही पहिली बातमी 'जगभर चर्चा' ही होती; खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंग आला, हे नंतर कळलं आणि थोड्यांनी वाचलं.

सवय मोडायची कशी, यावर पुढे बरंच लिहिलं आहे. इथे दोनच गोष्टींचा उल्लेख करतो. एक म्हणजे वही. २०२१ मध्ये सोयाबीनचा भाव ऑगस्टात १० हजारांवर गेला होता, आणि नवा माल निघेपर्यंत निम्म्यावर आला. त्या वर्षी गावात प्रत्येकाला असा कुणीतरी माहीत होता, ज्याने दहा हजाराने विकलं. सगळ्यांच्या आकड्यांची बेरीज केली असती तर तालुक्यात पिकलं त्याहून जास्त सोयाबीन दहा हजाराने गेलं असतं. मी त्या दिवाळीपासून वही घातली: बियाणं, खत, फवारणी, मजुरी, डिझेल, मळणी, भाडं, आणि शेवटी ओल काढून आलेलं वजन. तीन हंगामांनंतर माझ्याकडे तुलना करायला एक माणूस तयार झाला, गेल्या वर्षीचा मी. तो फार शहाणा नव्हता, पण त्याचा सगळा खर्च मला माहीत होता. ही युक्ती जादूची नाही. दुसऱ्याची झडती ऐकल्यावर अजूनही छातीत बारीक कळ येतेच. फरक इतकाच, की आता मी त्याला पुढचा प्रश्न विचारतो: "खर्च किती आला?" आणि बहुतेक वेळा समोरचा माणूस या प्रश्नाने सुटल्यासारखा बोलायला लागतो. अकरा क्विंटलवाल्याची गाठ तेव्हा कळते. लोक आपल्याला आकडा सांगतात, कारण आपण आकडाच विचारलेला असतो.

दुसरी गोष्ट, सवय मारता येत नसेल तर तिला दुसऱ्या गाड्याला जुंपता येतं. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० मध्ये सुरू झालं तेव्हा गावाने गावाशी बरोबरी केली. एरवी एकमेकांचा बांध कोरणारी माणसं एका बाजूला उभी राहून झाडू मारताना दिसली. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये २०१६ ते २०१९ या काळात तेच श्रमदानाच्या रूपात झालं, आणि पुढे फार्मर कपमध्ये त्यांनी शेतकऱ्यांच्या गटांची स्पर्धा लावली, एकेकट्या शेतकऱ्याची नाही. ईर्षा तीच, पण शेजाऱ्याचं पीक चांगलं आलं तर गटाचे गुण वाढतात, म्हणजे फवारणीची वेळ त्याला आपणहून सांगावी लागते. स्पर्धा संपली की उत्साह ओसरतो, फलक गंजतो, हेही आम्ही पाहिलं आहे. तरीही एका हंगामापुरता का होईना, शेजाऱ्याचा अकराचा आकडा ऐकून खरा 'वा' निघाला, हे मला मोठं वाटतं.

पुस्तकाच्या शेवटी काही पानं कोरी ठेवली आहेत. ती हिशोबासाठी आहेत. वाचणाऱ्याने स्वतःचा हंगाम, नोकरी, घर, अभ्यास, जे असेल ते ओल काढून त्यात मांडावं, अशी कल्पना. कोरी पानं छापायला कागद कशाला, असा रास्त प्रश्न आला होता. म्हणून आधी कच्ची प्रत आमच्या मोठ्या मामांना वापरायला दिली. मामांनी पुस्तक दोनदा वाचलं, "बरोबर लिव्हलं" म्हणाले, आणि दिवाळीनंतर प्रत परत आणून दिली. कोरी पानं भरलेली होती. बियाणं, खत, मजुरी, कर्ज, मळणी, सगळं तारखेवार, स्वच्छ अक्षरात. मी खूश होऊन वर नाव वाचलं, तर हिशोब त्यांच्या बांधशेजाऱ्याचा होता.

"माहं तर मला ठाऊकच हाये की," मामा म्हणाले.